आखूड पायाचा गिर्यारोही : सर अर्नोल्ड लन
(द्वितीय वर्ष बी. ए.)

डोंगर चढणे ही आपल्याला नवलाची गोष्ट नाही. सह्याद्रीच्या कुशीत राहणाऱ्या माणसाच्या नशिबी चढउतार रोजचीच. कुणी सरपणासाठी चढतो, कुणी गुरांच्या मागे चढतो, कुणी देवीच्या नवसासाठी चढतो. परंतु जिथे शेत नाही, गुरे नाहीत, देऊळही नाही, अशा बर्फाच्छादित डोंगरावर मध्यरात्री कंदील घेऊन निघायचे, सहा-सात तास धापा टाकीत चढायचे आणि वर पोचल्यावर पायाला दोन लांब लाकडी पट्ट्या बांधून काही मिनिटांत खाली यायचे, या उद्योगाला काय म्हणावे? आमच्याकडची वडीलधारी माणसे याला रिकामपणाचे धंदे म्हणतील. आणि हा उद्योग करणाऱ्या माणसाचा एक पाय दुसऱ्यापेक्षा दोन-तीन इंचांनी आखूड आहे असे कळले, तर ती कपाळावर हात मारून घेतील!

अशा एका माणसाची ही कहाणी आहे. त्यांचे नाव सर अर्नोल्ड लन. बर्फावरून घसरण्याच्या या क्रीडेला 'स्कीइंग' म्हणतात आणि त्या पट्ट्यांना 'स्की'. आज जगभर स्कीच्या ज्या शर्यती होतात, ऑलिंपिकमध्ये ज्यांना सुवर्णपदके मिळतात, त्यांतील उतारावरच्या शर्यतींचे नियम घडविण्याचे आणि त्यांना मान्यता मिळवून देण्याचे श्रेय प्रामुख्याने या लंगड्या माणसाकडे जाते. त्यांच्या चरित्राकडे आपण वळावे याला आणखीही एक कारण आहे. हा बर्फाचा भक्त जन्मला तो आपल्या हिंदुस्थानात, तेही जिथे बर्फ कधी पडत नाही अशा मद्रास शहरात!

जन्म आणि बालपण

अर्नोल्डचा जन्म १८ एप्रिल १८८८ रोजी मद्रास येथे झाला. वडील हेन्री लन हे डॉक्टर होते आणि मेथडिस्ट पंथाचे मिशनरी म्हणून हिंदुस्थानात आले होते. परंतु इथली हवा त्यांना मानवली नाही. प्रकृती ढासळली आणि वर्षभरातच कुटुंब इंग्लंडला परत गेले. तिथे गेल्यावर हेन्री लन यांनी मिशनरी लोकांच्या राहणीवर उघड टीका केली. गरिबांना धर्म शिकवायला गेलेल्यांनी साहेबी थाटात राहू नये, असा त्यांचा आक्षेप होता. त्यावरून मोठे वादळ उठले आणि अखेर त्यांचा व त्या कामाचा संबंध सुटला.

पुढे हेन्री लन यांच्या आयुष्याला गमतीदार वळण लागले. ख्रिस्ती धर्माच्या निरनिराळ्या पंथांत एकी व्हावी म्हणून १८९२ साली त्यांनी स्वित्झर्लंडमधील ग्रिंडेलवाल्ड या गावी धर्मगुरूंची परिषद भरविली. पाहुण्यांच्या प्रवासाची व राहण्याची व्यवस्था त्यांनीच केली. पंथांची एकी काही झाली नाही, पण माणसांना आल्प्स पर्वतात नेण्याचा व्यवसाय मात्र त्यातून उभा राहिला! तोवर स्वित्झर्लंडची बहुतेक हॉटेले उन्हाळ्यातच चालत. हिवाळ्यातही तिथे पाहुणे नेणाऱ्यांत हेन्री लन हे अग्रेसर ठरले.

या वडिलांबरोबर दहा वर्षांचा अर्नोल्ड १८९८ साली फ्रान्समधील शामोनी या गावी गेला. तिथे त्याने पहिल्यांदा पायाला स्की बांधले. युरोपातील सर्वांत उंच पर्वतांपैकी एक असलेला माँ ब्लां समोर उभा होता. ज्या वयात आपण गावच्या टेकडीवरून झाडाच्या फांदीवर बसून घसरतो, त्याच वयात त्याला हा नाद लागला. तो शहात्तर वर्षे टिकला.

पदवीवाचून ऑक्सफर्ड

हॅरो या प्रसिद्ध शाळेत शिक्षण झाल्यावर अर्नोल्ड ऑक्सफर्डच्या बेलियल महाविद्यालयात दाखल झाला. त्याच्या अंगात उत्साह मावत नव्हता. त्याने 'आयसिस' या विद्यार्थ्यांच्या नियतकालिकाचे संपादन केले. ऑक्सफर्ड युनियन या नामांकित वक्तृत्वसंस्थेचा तो चिटणीस झाला. विद्यापीठातील गिर्यारोहण मंडळ स्थापन केले. १९०८ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, स्कीवरून पर्वत चढणाऱ्यांची 'अल्पाइन स्की क्लब' ही संस्था उभी केली. एवढे सगळे केले, पण पदवी मात्र घेतली नाही.

इथे मला क्षणभर थांबावेसे वाटते. ज्याच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा तो पहिलाच आहे, अशा माझ्यासारख्या विद्यार्थ्याला हे वाक्य सहज लिहिता येत नाही. आमच्या घरी 'बी. ए.' ही दोन अक्षरे म्हणजे साऱ्या घराने मिळून चढायचा डोंगर आहे. लन यांच्या वडिलांचा व्यवसाय पाठीशी होता, म्हणून त्यांना पदवीवाचून चालले. आम्हांला चालणार नाही, हे मान्यच केले पाहिजे. मात्र एक गोष्ट घेण्यासारखी आहे. महाविद्यालयात असताना त्यांनी जे जे उभारले, ते परीक्षेत विचारले जात नव्हते, तरीही त्यांनी ते उभारले. पदवी हुकली, पण ती वर्षे वाया गेली नाहीत.

१९०९ च्या जानेवारीत लन यांनी प्राध्यापक रोजे यांच्यासमवेत बर्नीज ओबरलँड ही पर्वतरांग स्कीवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पार केली. कांडरस्टेग येथून निघून ते हिमनद्या ओलांडीत मायरिंगेन येथे उतरले. ऐन हिवाळ्यात हे साहस पूर्वी कुणी केले नव्हते. वय वर्षे वीस! डोळ्यांपुढे सगळे आल्प्स पर्वत पसरले होते.

घात

त्याच वर्षीच्या ऑगस्ट महिन्यात घात झाला. तो आल्प्समध्ये झाला नाही. वेल्समधील केडर इड्रिस हा डोंगर जेमतेम नऊशे मीटर उंचीचा, म्हणजे आपल्या सिंहगडापेक्षाही कमी. त्याच्या कव्र्वी नावाच्या कड्यावर लन चढाई करीत होते. हाताखालचा दगड निखळला आणि ते कित्येक फूट खाली कोसळले. पायाच्या हाडाचा चुरा झाला. मोठमोठ्या हिमशिखरांनी ज्याला सांभाळून घेतले, त्याला या लहानशा डोंगराने पाडले.

पाय वाचला, परंतु तो दोन-तीन इंचांनी आखूड राहिला. जखम लवकर भरेना. चालताना लंगडावे लागे, आणि दुखणे तर जन्माचे सोबती झाले. एकविसाव्या वर्षी एखाद्या तरुणाला असे झाले तर लोक काय म्हणतात ते आपण जाणतो. झाले ते झाले, आता खुर्चीवर बसून करण्यासारखे काही तरी बघ, असा सल्ला सगळे देतात. त्यात वाईट हेतू नसतो. पण त्या सल्ल्याने पाय नाही तर मन आखूड होत जाते.

लन यांनी लेखणी हाती धरली हे खरे. १९१३ साली त्यांची 'द हॅरोव्हियन्स' ही शाळेच्या जीवनावरील कादंबरी प्रसिद्ध झाली आणि तिने इंग्लंडमध्ये खळबळ उडविली. परंतु त्यांनी डोंगर सोडला नाही. त्यांच्या हळूहळू ध्यानात आले की चालताना त्रास देणारा पाय स्कीवर तितका त्रास देत नाही. खडकावर पाऊल उचलून टाकावे लागते. स्कीवर ते पुढे सरकवावे लागते. आणि उतारावर तर शरीराचा भार कोणत्या पायावर किती टाकायचा याचे ज्ञान असले की झाले. ज्याला जमिनीवर तोल सांभाळणे अवघड, त्याला बर्फावर तोल सापडला!

वसंतातील बर्फ

आता वाचकांना थोडे बर्फाविषयी सांगणे अवश्य आहे, कारण लन यांची खरी विद्वत्ता तिथेच आहे. मी स्वतः बर्फ पाहिला तो रसवंतीगृहात, लाकडाच्या भुशात ठेवलेला. परंतु वाचनातून जे समजले ते असे.

बर्फ म्हणजे एकच एक पदार्थ नव्हे. हिवाळ्यात पडणारा बर्फ पिठासारखा भुसभुशीत असतो. तो दिसायला सुंदर, पण उंच डोंगरावर फसवा. थरावर थर साचतात, ते एकमेकांना नीट चिकटत नाहीत, आणि माणसाच्या भाराने वरचा थर सुटला की सारा उतार गडगडत खाली येतो. याला हिमलोट म्हणतात. शिवाय हिमनद्यांवरील खोल भेगा या बर्फाखाली झाकलेल्या असतात. म्हणून बहुतेक लोक हिवाळ्यात गावाजवळच्या उतारांवर स्की खेळत आणि मार्च उजाडला की सामान बांधून घरी जात.

लन यांचे म्हणणे असे होते की खरा हंगाम तेव्हा सुरू होतो. वसंत ऋतूत दिवसा ऊन पडते आणि वरचा बर्फ वितळतो. रात्री थंडी पडून तोच पुन्हा गोठतो. असे कित्येक दिवस घडले की पिठासारख्या कणांचे जाड दाणे बनतात आणि सारा उतार एकजीव होतो. पहाटे तो दगडासारखा कडक असतो. सकाळचे ऊन लागले की वरचा बोटभर थर मऊ पडतो आणि खालचा पाया मात्र घट्ट राहतो. हीच ती घटका! त्या वेळी स्की अशी वळते की जणू लोण्यावरून सुरी फिरावी. परंतु ही घटका फार थोडी टिकते. लवकर उतरावे तर उतार काचेसारखा निसरडा, पाय सुटला की थेट तळाशी. उशीर करावा तर बर्फाचा चिखल होतो, माणूस गुडघ्यापर्यंत रुततो, आणि ओल्या बर्फाचे लोट सुटू लागतात.

म्हणूनच मध्यरात्री निघायचे. स्कीच्या तळाला सीलच्या कातडीच्या पट्ट्या बांधायच्या. त्या कातडीचे केस मागे वळलेले असतात, त्यामुळे स्की पुढे सरकते पण मागे घसरत नाही. चढ फार उभा झाला की स्की काढून खांद्यावर घ्यायची आणि बुटाने पायऱ्या पाडीत चढायचे. पूर्वेकडचा उतार आधी मऊ होतो, मग दक्षिणेचा, शेवटी पश्चिमेचा. कोणत्या उतारावर किती वाजता पोचायचे याचा हिशेब आदल्या रात्रीच करून ठेवायचा. आपला शेतकरी वाफसा आल्याशिवाय तिफण धरीत नाही. आधी पेरले तर बी कुजते, उशीर झाला तर ओल उडून जाते. लन यांचे वसंतातील गिर्यारोहण म्हणजे बर्फाचा वाफसा ओळखणेच होते. हे सारे ज्ञान त्यांनी १९२१ साली प्रसिद्ध झालेल्या, सर्व उंचीवरील व सर्व ऋतूंतील स्कीइंगवरच्या आपल्या ग्रंथात मांडले. बर्फाचा अभ्यास हा जीव वाचविण्याचा अभ्यास आहे, हे त्यांनी पटवून दिले.

डोम आणि आयगर

पहिले महायुद्ध पेटले तेव्हा लन सव्वीस वर्षांचे होते. पायामुळे सैन्यात घेतले जाणे शक्यच नव्हते. स्वित्झर्लंड तटस्थ देश असल्याने जर्मनीतील जखमी व आजारी युद्धकैद्यांना तिथे आणून ठेवीत. त्यांपैकी इंग्रज कैद्यांचे एक ठिकाण म्हणजे म्यूरेन. या गावाची उंची जवळजवळ आपल्या कळसूबाईच्या शिखराइतकी, साडेसोळाशे मीटरच्या आसपास. तिथे लन यांनी या कैद्यांसाठी काम केले. ज्यांचे हातपाय गेले होते अशा तरुणांमध्ये हा लंगडणारा माणूस वावरत असे. त्याचे जगणे हाच त्यांना मोठा धीर वाटला असेल.

याच काळात, १९१७ च्या जून महिन्यात, लन यांनी योझेफ क्नूबेल या नामांकित वाटाड्यासह डोम शिखरावर स्कीच्या साहाय्याने पहिली चढाई केली. डोमची उंची ४५४५ मीटर. संपूर्णपणे स्वित्झर्लंडच्या हद्दीत असलेले हे सर्वांत उंच शिखर होय. कळसूबाईच्या उंचीची पावणेतीन पट करा, म्हणजे अंदाज येईल! धडधाकट माणसांना जे सुचले नव्हते, ते आखूड पायाच्या माणसाने एकोणतिसाव्या वर्षी करून दाखविले. केडर इड्रिसवर पडल्याला आठ वर्षे होत आली होती.

पुढे मे १९२४ मध्ये त्यांनी वॉल्टर आमश्टुट्झ, विली रिशार्डे आणि फ्रिट्झ आमाखर या सोबत्यांसह आयगर या शिखरावरही स्कीची पहिली चढाई केली. हाही वसंतच होता, हे वाचकांच्या लक्षात आले असेलच.

कंदाहारची शर्यत

लन हे स्वतः शर्यतवीर म्हणून प्रसिद्ध नाहीत. शर्यतीचे नियम घडविणारे म्हणून प्रसिद्ध आहेत. त्या काळी स्कीइंगवर नॉर्वेच्या लोकांचे वर्चस्व होते. लांब पल्ल्याची सपाटीवरची दौड आणि उंचावरून मारलेली उडी, एवढेच खरे स्कीइंग असे ते मानीत. डोंगरावरून खाली येणे यात कसली कला, असा त्यांचा सवाल होता. लन यांना वाटे की आल्प्ससारख्या उभ्या पर्वतात खाली उतरण्याचे कौशल्य हेच मुख्य आहे.

जानेवारी १९११ मध्ये माँटाना येथे त्यांच्या पुढाकाराने उताराची शर्यत झाली. चषकाला नाव होते लॉर्ड रॉबर्ट्स ऑफ कंदाहार यांचे. हे नाव आपल्या इतिहासाशी बांधलेले आहे. २७ जुलै १८८० रोजी अफगाणिस्तानात मैवंदच्या लढाईत इंग्रज फौजेचा दारुण पराभव झाला. त्या फौजेत मुंबई इलाख्याच्या पलटणी होत्या आणि त्यांचे शेकडो शिपाई तिथे पडले. त्यानंतर कानपूर येथे जन्मलेल्या रॉबर्ट्स यांनी काबूलहून कंदाहारपर्यंत फौज नेऊन विजय मिळविला आणि ती पदवी मिळविली. आज युरोपात 'कंदाहार' म्हटले की लोकांना स्कीची शर्यत आठवते. त्या नावामागे मुंबईच्या पलटणींचे रक्त आहे, हे किती जणांना ठाऊक असेल? त्या पहिल्या शर्यतीतील स्पर्धक आदल्या दिवशी स्वतःच्या पायांनी वर चढून गेले, डोंगरावरच्या निवाऱ्यात रात्र काढली आणि सकाळी शर्यत सुरू केली. वर नेणारी यंत्रे तेव्हा नव्हती.

जानेवारी १९२२ मध्ये म्यूरेनच्या उतारावर लन यांनी आणखी एक पाऊल टाकले. 'स्लालम' हा मूळ नॉर्वेजियन शब्द. वळणे घेत उतरण्याच्या स्पर्धेत पूर्वी परीक्षक बसत आणि कुणाची ढब सुंदर यावर गुण देत. लन यांनी उतारावर निशाणांच्या जोड्या रोवल्या. प्रत्येक जोडीमधून गेले पाहिजे, आणि जो सर्वांत कमी वेळात तळाला पोचेल तो जिंकला. गुण देणारे परीक्षक गेले आणि घड्याळ आले.

ही गोष्ट वरवर लहान दिसते. मला ती फार मोठी वाटते. ढब पाहून गुण देणारा माणूस कितीही प्रामाणिक असला तरी त्याच्या डोळ्यांना काही सवयी असतात. कोणाचा पोशाख चांगला, कोणाचे बोलणे सफाईदार, कोणाचे घराणे ओळखीचे, हे त्याला नकळत दिसते. घड्याळाला घराणे कळत नाही. लंगडणारा माणूस सुंदर दिसत नाही, पण तो वेगाने जाऊ शकतो. ज्याने हा नियम केला त्याचा एक पाय आखूड होता, हा मला केवळ योगायोग वाटत नाही.

१९२३ साली लन यांच्या प्रेरणेने स्त्रियांचा स्वतंत्र स्की क्लब निघाला आणि १९२४ साली म्यूरेन येथे 'कंदाहार स्की क्लब' स्थापन झाला. १९२८ साली ऑस्ट्रियातील सांक्ट आंटोन येथे हानेस श्नायडर या थोर शिक्षकाच्या सहकार्याने आर्लबेर्ग-कंदाहार शर्यत सुरू झाली. १९३० साली ओस्लो येथील परिषदेत आंतरराष्ट्रीय स्की संघटनेने उताराची शर्यत व स्लालम यांना मान्यता दिली. ज्या नॉर्वेने हसण्यावारी नेले, त्याच नॉर्वेच्या राजधानीत हे घडले! १९३१ साली म्यूरेन येथे पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरली आणि तीत स्त्रियांच्याही शर्यती झाल्या. इंग्लंडच्या एस्मे मॅकिनन हिने दोन्ही शर्यती जिंकल्या.

टकरमनची कढई

१९२८ च्या जानेवारीत कंदाहार क्लबच्या सतरा जणांनी शिल्टहॉर्न शिखरावर (२९७० मीटर) पायी चढून तेथून थेट लाउटरब्रुनेनच्या दरीपर्यंत शर्यत लावली. तिला त्यांनी 'इन्फर्नो' म्हणजे नरक असे नाव दिले. हे नाव पुढे समुद्रापार गेले.

अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्यात माउंट वॉशिंग्टन नावाचा १९१७ मीटर उंचीचा पर्वत आहे. त्याच्या कुशीत टकरमन रॅव्हिन नावाची एक प्रचंड कढई आहे. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा जसा आतल्या बाजूला वाटीसारखा वळलेला आहे, तशीच काहीशी तिची मागची भिंत समजा. हिवाळाभर वारा माथ्यावरचा बर्फ उडवून या कढईत आणून टाकतो. त्यामुळे इतरत्र बर्फ सरला तरी इथे तो मे महिन्यापर्यंत आणि त्यापुढेही राहतो. तिथे वर नेणारे यंत्र पूर्वी नव्हते आणि आजही नाही. स्की पाठीला बांधून सुमारे तीन मैल चालत जायचे आणि मग उभ्या भिंतीत बुटाने पायऱ्या करीत चढायचे. जितके चढाल तितकेच उतरायला मिळेल, असा तिथला रोखीचा व्यवहार! वसंतात हजारो लोक तिथे जातात. वरून सुटणारे बर्फाचे धोंडे आणि खालून वितळून पोकळ झालेला बर्फ यांनी तिथे अनेकांचे बळीही घेतले आहेत.

१९३३ साली याच पर्वतावर 'अमेरिकन इन्फर्नो' शर्यत सुरू झाली. शिखरापासून पायथ्यापर्यंत चार मैल. १६ एप्रिल १९३९ च्या शर्यतीत टोनी मॅट नावाचा ऑस्ट्रियन तरुण कढईच्या त्या उभ्या भिंतीवरून एकही वळण न घेता सरळ खाली आला आणि ६ मिनिटे २९.२ सेकंदांत पायथ्याशी पोचला. आधीच्या विक्रमाच्या जवळजवळ निम्मा वेळ! तेव्हा त्याचे वय होते एकोणीस. माझेही वय तेवढेच आहे, म्हणून ही हकिकत लिहिताना अंगावर काटा आला.

टोनी मॅट अमेरिकेत आला कसा, हे मात्र दुःखाचे प्रकरण आहे. तो आणि हानेस श्नायडर एकाच गावचे. मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केला आणि नाझींच्या विरोधात असलेल्या श्नायडरला ताबडतोब तुरुंगात टाकले. तेव्हा लन यांनी निषेध म्हणून त्या वर्षीची आर्लबेर्ग-कंदाहार शर्यत रद्द केली. मित्र कैदेत असताना त्याच्याच गावी खेळ खेळायचा नाही, असा तो बाणा होता. श्नायडर पुढे सुटला आणि १९३९ साली माउंट वॉशिंग्टनच्या जवळ नॉर्थ कॉनवे येथे येऊन शिकवू लागला. टोनी मॅट त्याच्याच शाळेत शिक्षक होता. दोन वर्षे आधी, १९३६ च्या जर्मनीतील हिवाळी ऑलिंपिकमध्ये उतारावरची शर्यत प्रथमच झाली, तेव्हा स्लालमचे पंच लन होते आणि ब्रिटिश संघाचा नायक त्यांचा मुलगा पीटर होता. पीटरने उद्घाटनाच्या संचलनात चालायचे नाकारले. ज्या खेळासाठी बापाने पंचवीस वर्षे झगडावे, त्याच्या सन्मानाच्या दिवशी मुलाने असे वागावे, यात दोघांचीही थोरवी आहे.

दुसरी बाजू

थोरांची चरित्रे लिहिताना त्यांच्या फक्त चांगल्याच बाजू सांगण्याची प्रथा आहे. लन यांच्या बाबतीत ते बरोबर होणार नाही. ते जन्मभर वाद घालीत राहिले. रॉनल्ड नॉक्स या कॅथलिक धर्मगुरूंशी त्यांनी पत्रांतून वाद घातला आणि १९३३ साली स्वतःच कॅथलिक झाले! शास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांच्याशीही त्यांचा विज्ञान व ईश्वर या विषयावर पत्ररूप वाद झाला, तो १९३५ साली ग्रंथरूपाने निघाला. हेच हाल्डेन पुढे भारताचे नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वर येथे वारले. मद्रासला जन्मलेला माणूस इंग्लंडचा झाला आणि इंग्लंडचा माणूस भारताचा झाला, असा हा दैवाचा खेळ.

परंतु स्पेनच्या यादवी युद्धात लन यांनी जनरल फ्रँको यांची बाजू घेतली, ती आपल्याला पटत नाही. नाझींच्या कैदेतील मित्रासाठी शर्यत बंद करणारा माणूस हिटलरची मदत घेणाऱ्या सेनापतीचे समर्थन करतो, हे कोडे आहे. धर्माचे रक्षण हा एकच विचार त्या वेळी त्यांच्या डोळ्यांपुढे होता असे दिसते. बर्फाचे सगळे थर ओळखणाऱ्या माणसालाही राजकारणाचे थर ओळखता आले नाहीत, एवढेच म्हणावे लागते. पुढे ते नैतिक पुनरुत्थानाच्या चळवळीकडे ओढले गेले. आपल्या पाचगणीचे 'एशिया प्लॅटो' हे केंद्र याच चळवळीचे आहे.

अखेर

१९५२ साली ब्रिटिश स्कीइंगची सेवा आणि स्वित्झर्लंडशी मैत्री यांबद्दल त्यांना 'सर' ही पदवी मिळाली. विद्यापीठाची पदवी राहिली, पण ही चालत आली! ब्रिटिश स्की वार्षिकाचे संपादन त्यांनी सुमारे पन्नास वर्षे केले. उतारवयात मात्र त्यांच्या मनाला एक रुखरुख लागली होती. त्यांनी शर्यतींना मान दिला, शर्यतींमुळे गर्दी वाढली, गर्दीसाठी यंत्रे आली, आणि रात्री कंदील घेऊन चढणारी माणसे कमी झाली. उतार दाबून गुळगुळीत केले जाऊ लागले आणि बर्फ ओळखण्याची विद्या मागे पडली. आपणच लावलेल्या झाडाच्या सावलीत आपल्या आवडीचे रोप खुरटलेले पाहणे, हे दुःख थोडे नव्हे. २ जून १९७४ रोजी लंडन येथे, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

त्यांचे स्लालम मात्र जगभर पसरले. १९२७ साली गुलमर्ग येथे 'स्की क्लब ऑफ इंडिया' स्थापन झाला होता. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये त्याच परिसरातील आरिफ खान हा तरुण भारताचा एकमेव खेळाडू म्हणून उतरला, तो स्लालमच्याच शर्यतींत. मद्रासला जन्मलेल्या माणसाने म्यूरेनला रोवलेली निशाणे अशी शंभर वर्षांनी आपल्यापर्यंत येऊन पोचली.

आपल्यापैकी बहुतेकांना स्की कधी पायाला बांधायला मिळणार नाही. पण चढ सर्वांच्याच वाट्याला येतो. कुणाचा पाय आखूड असतो, कुणाचा खिसा, कुणाच्या घरी पूर्वी कुणी वाट दाखविलेली नसते. अशा वेळी आपला उतार कधी मऊ होईल ते ओळखून त्याच्या आधी, अंधारातच निघावे लागते. लन यांच्या चरित्रातून मी एवढे घेतले. परीक्षा एप्रिलमध्ये आहेत. आल्प्समध्ये तोच वसंताचा हंगाम असतो, आणि तिथली माणसेही त्या दिवसांत पहाटे उठलेली असतात.